राजघराण्यात सून म्हणून जाताना

राजघराण्यातून स्थळ आलं की घरात पहिली चर्चा साड्यांची आणि दागिन्यांची होते. ती दोन दिवस होऊ द्या. तिसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन बसा, कारण विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्या लग्नाआधीच विचारता येतात.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहानशा जुन्या संस्थानिक घराण्याची सून. माहेर पुण्याचं, वडील शाळेत शिक्षक, मी बँकेत कर्ज विभागात. घराण्याचं नाव इथे लिहीत नाही, त्यात माझ्याइतकीच इतरांचीही अब्रू आहे. नात्यातल्या, ओळखीतल्या मुली लग्न ठरताना मला फोन करतात. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते सगळं एका जागी असावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. दक्षिणेतली आपली बहुतेक संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. राजांना सरकारकडून तनखा मिळू लागला, पण तोही सगळ्यांना सारखा नव्हता. म्हैसूरला वर्षाला २६ लाख रुपये होते आणि सौराष्ट्रातल्या कटोडियाला वर्षाला १९२ रुपये. मग कूळकायद्यात जमिनी कुळांकडे गेल्या, कमाल जमीन धारणा कायद्यात आणखी गेल्या, आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब दोन्ही संपले. कागदावर राजा उरला नाही. गावाच्या मनातून मात्र तो गेला नाही. दसऱ्याला पालखी निघतेच, मानकऱ्यांना विडा द्यावाच लागतो, कुणाच्या घरी मयत झालं तर वाड्यावरून माणूस जावं लागतं. मान राहिला, उत्पन्न गेलं. मधली ही तूट कुणीतरी भरून काढायची असते आणि बऱ्याच घरांत ती सून भरते, स्वतःच्या वेळेने, पगाराने, कधी अंगावरच्या सोन्याने. सासरी तुमच्यावर जो ताण येतो त्याचं मूळ बहुधा इथे असतं. सासू कितीही प्रेमळ असली तरी तो येतोच.

म्हणून माझं सांगणं असं की घराण्याचं काय आणि तुमचं काय, हे पहिल्या दिवसापासून वेगळं मांडून ठेवा. ते एकदा स्पष्ट झालं की घराण्याचं जे आहे ते मनापासून करता येतं. ते करण्यासारखं असतं, हेही मी अनुभवाने सांगते.

होकार देण्याआधी

हे प्रश्न मुलीने विचारू नयेत, तिच्या मामाने किंवा काकाने विचारावेत. समोरूनही कारभारी किंवा मुलाचे काका बोलतील. त्यात कुणाचा अपमान नाही. जुन्या घरांत बोलणी अशीच होतात आणि मोठ्या माणसांनी विचारलेलं खटकत नाही.

वाडा कुणाच्या नावावर आहे? मिळकत पत्रिका बघा, नुसत्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. एका माणसाच्या नावावर, चार भावांच्या सामाईक, की ट्रस्टच्या नावावर? ट्रस्ट असेल तर विश्वस्त कोण? शेतजमिनीचे सातबारे काढा, त्यात देवस्थान इनाम किती ते पाहा. ती जमीन देवाची असते, घर तिची वहिवाट करतं, विकता येत नाही. कोर्टात दावे चालू आहेत का? जुन्या घराण्यांत चुलत्या-पुतण्यांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातला वाद २०१३ मध्ये तडजोडीने मिटला, तोवर त्याला दोन दशकांहून जास्त काळ झाला होता. एवढ्या मोठ्या घराचं हे झालं, तर लहान घरांत काय होत असेल ते ओळखा.

वकिलाला आणखी एक गोष्ट विचारायला सांगा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, विलीनीकरणाच्या करारानुसार जी मालमत्ता एकाच वारसाकडे जाते, ती या कायद्यातून वगळलेली आहे. तुमच्या सासरी असा करार लागू आहे की नाही, यावर तुमच्या नवऱ्याचा, नणंदांचा आणि पुढे तुमच्या मुलींचा हिस्सा ठरतो. थोरला असेल तर एक चित्र, धाकटा असेल तर दुसरंच.

आणि शेवटी साधा प्रश्न: घराचा महिन्याचा खर्च कोण चालवतं? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं तर ते घर चांगलं आहे असं समजा, आकडा कितीही लहान असो.

नाव

ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे साध्या घरांतही आहे. राजघराण्यात ती जास्त जोरात पाळतात. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे माहेरच्या लेखा दिव्येश्वरी, १९४१ मध्ये लग्न झालं आणि नाव बदललं. बडोद्याच्या चिमणाबाई दुसऱ्या माहेरी देवासला गजराबाई होत्या. सयाजीराव महाराजांच्या वारलेल्या पहिल्या राणीचंच नाव त्यांना मिळालं.

माझा सल्ला असा. देवघरात, पत्रिकेत, आईसाहेबांच्या म्हणजे सासूबाईंच्या तोंडी जे नाव ठेवतील ते आनंदाने घ्या. आधार, पॅन, पासपोर्ट, पदवी आणि बँक खातं यांवर मात्र माहेरी मिळालेलं स्वतःचं नाव तसंच ठेवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. नाव बदललं की पदवीवरचं एक, पॅनवरचं दुसरं असं होतं, आणि पुढे कर्ज, व्हिसा, वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं. बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूने मी हे रोज बघितलं आहे. सासरी सांगताना ‘बदलणार नाही’ असं म्हणू नका. ‘सरकारी कागद जुन्या नावाने आहेत, ते तसेच राहू दे, घरात नवं नाव’ असं म्हणा, पटतं.

कुठल्याही सरकारी अर्जावर ‘श्रीमंत’, ‘महाराणी’, ‘राणीसाहेब’ लिहायचं नाही. घटनेच्या ३६३-अ कलमानंतर त्यांना कायद्याची मान्यता नाही. सही साधी करा.

पदर, मुजरा, बोलणं

इथे पहिलं वर्षभर अंग आखडतं. घरात सगळेच सगळ्यांना अहो-जाहो करतात, पाळण्यातल्या बाळालाही ‘बाळराजे झोपलेत का’ म्हणतात. तुम्ही चुकून नवऱ्याला ‘ए’ म्हणालात तर भांडं पडल्यासारखी शांतता होते. खोलीत काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, दार उघडलं की अहो.

मुजरा घराघराचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या घरचा व्हिडिओ बघून शिकू नका. आमच्याकडे बायकांचा मुजरा असा: डाव्या हाताने पदर कपाळापाशी धरायचा, कमरेतून थोडं वाकायचं, उजवा हात खाली नेऊन कपाळापर्यंत आणायचा, असं तीनदा. पाठ वाकवायची, मान टाकायची नाही. मला हे आईसाहेबांनी शिकवलं नाही. वाड्यात लहानपणापासून राहिलेल्या एका मावशींनी शिकवलं, दुपारी, आरशासमोर. त्या म्हणाल्या, ‘वहिनीसाहेब, घाई केली की नोकर वाटता, सावकाश केला की मालकीण वाटता.’ तुमच्या सासरीही अशी एखादी मावशी असतेच. तिच्याकडे जा.

पदर टिकवायची युक्ती: केस मोकळे किंवा पोनी असेल तर पदर घसरतोच. लहानसा अंबाडा घाला, पदराचा काठ कपाळाच्या दोन बोटं मागे ठेवा आणि आतल्या बाजूने काळी यू-पिन अंबाड्यात खोचा. रोजच्या वापराला सुती किंवा इरकल घ्या, ते डोक्यावर बसतं. जॉर्जेट आणि शिफॉन दिवसभर हाताने सावरावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो.

पदर कुणासमोर आणि कुठे, हे लग्नाआधी नवऱ्याशी बोलून घ्या. वाड्यात आणि कार्यात घ्यायला माझी हरकत नव्हती. पुण्यात, ऑफिसात, मुलांच्या शाळेत नाही, हे आम्ही आधी ठरवलं आणि नवऱ्याने ते स्वतः आबासाहेबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कानावर घातलं. सुनेने सांगितलं असतं तर ते बंड ठरलं असतं, मुलाने सांगितलं म्हणून तो निर्णय ठरला.

वर्षाचं चक्र आणि मानाची वही

पहिल्या वर्षी काही बदलायला जाऊ नका. शंभर पानी वही घ्या आणि लिहीत जा: पाडवा, गणपती, नवरात्रातले घट, खंडेनवमीची शस्त्रपूजा, दसरा, कुलदैवताची यात्रा, घरातल्या पुण्यतिथ्या. कुणाला आधी विडा, कुणाला नारळ, कुणाला खण, कुणाला साडी, कोण कुठे बसतं, कुणाला नावाने हाक मारून आत घ्यायचं. हे सगळं आईसाहेबांच्या डोक्यात असतं आणि कुठेच लिहिलेलं नसतं. त्या थकल्या की ते हरवतं. ती वही तुम्हाला घरात जागा मिळवून देते. माझ्या वहीत आता आईसाहेबही बघतात.

एक उदाहरण देते म्हणजे यात काय असतं ते कळेल. दसऱ्याला संध्याकाळी पुरुषमंडळी शमीपूजन करून परतली की बाहेर सदरेवर सोनं द्यायला लोक येतात आणि आत बायका. त्यात एका घरातल्या म्हाताऱ्या आजी असत. त्या ओसरीच्या खांबापाशी उभ्या राहत, कितीही गर्दी असली तरी हाक आल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. त्यांच्या सासऱ्यांकडे वाड्याच्या दिवाबत्तीचं काम होतं, आणि नावाने बोलावून आत घेणं हा त्या घराचा मान होता. काम संपून कित्येक वर्षं झाली, मोबदला कधीच बंद झाला, तो मान तेवढा राहिला. हाक मारली की त्या आत यायच्या, आपट्याचं एकच पान हातावर ठेवायच्या आणि माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. असं एखादं नाव तुमच्याकडून सुटलं तर ते घर पुढच्या वर्षी येत नाही, आणि का येत नाही तेही सांगत नाही. याचं दडपण येतं, यायलाच हवं. हा भाग मी ओझं मानत नाही.

आता त्या दिवसाची प्रत्यक्ष तयारी. तीन-चार तास एका जागी बसावं लागतं. दुपारीच पोटभर खा, उपास असेल तर दूध-राजगिरा तरी घ्या. नऊवारी नेसण्याआधी बाथरूमला जाऊन या, नंतर जमत नाही. जुन्या ठुशा आणि चिंचपेट्या दुसऱ्या कुणाच्या गळ्याच्या मापाच्या असतात, महिनाभर आधी पटवेकऱ्याकडून गोंडा सैल करून घ्या. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ तासाभरात दुखते, जेवताना काढून ठेवायची मुभा आधीच मागून घ्या. ओटीच्या सामानाचे ढीग चिठ्ठ्या लावून सकाळीच तयार ठेवा. जवळ एक समजूतदार मुलगी बसवा, जिला गावातली घरं माहीत आहेत. ती कानात नाव सांगेल, तुम्ही हाक मारा.

पाळी आणि देवघर

हा विषय कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. नवरात्र तोंडावर आलं की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या हातात ठेवल्या जातात, प्रेमाने, ‘घट तुमच्या हातून बसायला हवेत’ म्हणून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत, आणि दर सणाला तर मुळीच नाही. अर्धशिशी असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्यापेक्षा घराशी बोला. जावेच्या, नणंदेच्या हातून घट बसले तर देवी रागावत नाही. आमच्याकडे हे आईसाहेबांशी एकांतात बोलून ठरलं. चार लोकांत हा विषय काढला तर त्यांना माघार घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

दागिने

दागिन्यांचे तीन ढीग असतात आणि तिन्ही एकाच पेटीत ठेवलेले असतात. एक तुमचं स्त्रीधन: माहेरचं आणि सासरी तुम्हाला दिलेलं. दुसरं घराण्याचं: पिढीजात, सुनेने कार्यात घालायचं आणि परत पेटीत ठेवायचं. तिसरं देवीचं: घरच्या देवीच्या अंगावरचं, ते कुणाचंच नाही. भांडणं होतात ती पहिल्या दोन ढिगांत गल्लत झाल्यामुळे. ‘घातलं’ आणि ‘दिलं’ यांत फरक आहे. आईसाहेबांनी लग्नात तुमच्या गळ्यात तन्मणी घातला, तो घालायला की ठेवायला?

स्त्रीधनावर फक्त तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की सासरी ठेवायला दिलेलं स्त्रीधन बायकोचंच राहतं, सासरच्यांकडे ती ठेव असते. हे घरात बोलून दाखवायची गरज नाही. यादी करायला सरळ मार्ग आहे: विमा. विमा उतरवायचा म्हणजे मूल्यांकन लागतं, मूल्यांकनाला यादी लागते. सराफाला घरी बोलवा, प्रत्येक नगाचं वजन, फोटो आणि कोणत्या ढिगातला हे लिहा, आईसाहेबांची आणि तुमची सही घ्या. आईसाहेबांनाही याची गरज असते, कारण त्यांच्यावरही उद्या जावा-पुतणे प्रश्न विचारणार असतात.

त्याच दिवशी भिंतींवरही नजर टाका. वाघाचं कातडं, गव्याचं मुंडकं, सांबराची शिंगं यांचं वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते लागतं, आणि ती वस्तू विकता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रांची नोंदणी लागते, त्या परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या नणंदेला आठवण म्हणून जुनी मूर्ती पाठवायची असेल तर आधी कायदा बघा.

वारस

सगळ्यांत जास्त रडणारे फोन मला या विषयावर येतात. लग्नाला सहा महिने झाले की हळदी-कुंकवाला आलेली प्रत्येक बाई पोटाकडे बघते. पहिली मुलगी झाली की पेढे वाटताना आवाज एक पट्टी खाली येतो.

यामागे जुनी भीती आहे, ती समजून घ्या. वारस नाही म्हणून १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. मुलगा नसणं म्हणजे राज्य जाणं, हे आपल्या घरांनी डोळ्यांनी पाहिलं. पण आता जायला राज्यच नाही. मुलींना वडिलार्जित मालमत्तेत हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

मला टोचून बोलणाऱ्या बायकांना मी एकच उत्तर देत आले आणि ते तुम्हीही द्या. मराठी राजांत आपण कुणाचं नाव अभिमानाने घेतो? कोल्हापूरचे शाहू महाराज, बडोद्याचे सयाजीराव. दोघेही दत्तक. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक आले. सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये बारा वर्षांचे असताना गादीवर बसले. गादी रक्ताने चालली नाही, माणसाने चालली. हे वाक्य वाड्यातल्या म्हाताऱ्यांपुढे बोललं की त्या गप्प होतात, कारण शाहू महाराजांना नाही म्हणणार कोण?

दोन गोष्टी ठाम. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची एकाच वेळी, आधी तुमची आणि मग जमलं तर त्यांची असं नाही. आणि गर्भलिंग तपासायला कुणी नेलं, कितीही मोठ्या डॉक्टरकडे, कितीही गुपचूप, तर जायचं नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्याच्या पलीकडे तो तुमच्या लेकीचा जीव आहे.

नोकरी आणि पैसा

‘वाड्याची सून नोकरी करते’ हे वाक्य अजूनही कुजबुजत बोललं जातं. त्याला राजघराण्यांच्या इतिहासातच उत्तर आहे. शाहू महाराजांची सून इंदुमतीदेवी लग्नानंतर वर्षभरातच, १९१८ मध्ये विधवा झाल्या. त्यांचे पती राजपुत्र शिवाजी शिकारीतल्या अपघातात वारले. महाराजांनी घरच्यांचा विरोध झेलून त्यांना शिकवलं. चिमणाबाई गोषात वाढल्या, पुढे गोषा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. सावंतवाडीच्या सत्वशीलादेवी भोसल्यांनी गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम राजवाड्यात बसवून जिवंत ठेवलं, कारागीर शिकवले, स्वतः शिकल्या. ‘आपल्याकडे चालत नाही’ म्हणणाऱ्यांना हे आपल्याकडचंच दाखवा.

नोकरी सोडू नका, निदान पहिली तीन वर्षं तरी. गाव बदलावं लागलं तर घरून करता येईल असं काम शोधा. पगाराचं खातं एकट्याच्या नावाने. घराला हातभार लावा, पण महिन्याचा आकडा ठरवून लावा. वाड्याचं छप्पर ही तळ नसलेली विहीर आहे. दर पावसाळ्यात कौलं फुटतात, वासे कुजतात, आणि गवंडी सांगतो की सिमेंट मारून टाकू. ते करू देऊ नका. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधा, महाग पडला तरी. आणि वाड्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढायचं असेल तर आधी मिळकत पत्रिकेवर तुमचं किंवा नवऱ्याचं नाव आहे का ते बघा. दुसऱ्याच्या भिंतीवर स्वतःचा हप्ता चढवू नका.

माहेरची माणसं

याबद्दल आधी बोलून घ्या नाहीतर आयुष्यभर सलतं. लग्नात माझे वडील कुठे बसणार? त्यांनी मुजरा करायचा की नमस्कार? मानपानाच्या यादीत माहेरकडून काय अपेक्षित आहे? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांनी कुणापुढे वाकावं हे मला सोसलं नसतं. नवऱ्याने ठरवलं की व्याही म्हणून ते आबासाहेबांच्या शेजारी बसतील आणि दोघे एकमेकांना नमस्कार करतील. तसंच झालं, आणि पुढे आबासाहेब त्यांना ‘गुरुजी’ म्हणत.

आईसाहेबांजवळ बसा

दुपारी सगळे झोपले की त्यांच्या खोलीत जा, काही कामाचं न बोलता. त्या सतराव्या-अठराव्या वर्षी या घरात आल्या असतील, मोटारीच्या काचांना पडदे होते तेव्हा. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला काय हवं. माझ्या आईसाहेबांना सायकल चालवायची फार आवड होती, माहेरी अंगणात चालवायच्या, इथे आल्यावर संपलं. हे त्यांनी मला सांगितलं त्यानंतर मला त्यांचा राग येणं कमी झालं, आणि त्यांनी माझ्या नोकरीवर बोलणं सोडलं. तुमच्यावर त्या जे नियम लादतात ते बहुतेक त्यांनी सोसलेले असतात. तुम्ही सोसले नाहीत तर त्यांचं सोसणं वाया गेलं असं त्यांना वाटतं. त्यांना ते तसं वाटू देऊ नका, त्यांच्याकडून शिका, विचारा, वहीत त्यांचं नाव घालून लिहा.

जिथे थांबायचं

वर लिहिलेला ताण सोसता येतो, त्यातून वाट निघते. पण मारहाण, कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, माहेरून पैसे आण म्हणणं, हे कुठल्याच घराण्याचा रिवाज नाही. भिंती उंच असल्या की आवाज बाहेर जात नाही, आणि ठाण्यातही ‘मोठं घर आहे’ म्हणून कचरतात. म्हणून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा माहीत असू द्या. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतो, १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, तातडीचं असेल तर ११२. वाडा सासऱ्यांच्या नावावर असला तरी तुम्ही संसार केलेल्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते मान्य केलं आहे.

पदवीची मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट, बँकेचे कागद आणि दागिन्यांच्या सही केलेल्या यादीची एक प्रत स्वतःच्या नावाच्या लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा. हे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात करा, घरात सगळं गोड चाललेलं असताना.